चाल बांधणाऱ्याला नोकरीही लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक रेडिओ दिनाच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत आकाशवाणीच्या संकेतधुनीवर आलेला लेख आवडीने वाचला. केंद्र उघडण्याआधीचा तंबोऱ्याचा झंकार, त्यावर उमटणारे व्हायोलिन आणि त्या सुरांबरोबर जागे होणारे घर हे सगळे लेखात चांगले उतरले आहे. ती धून सामान्यतः ज्यांच्या नावावर सांगितली जाते त्या वॉल्टर कॉफमन यांच्या वाट्याला मात्र जेमतेम एक वाक्य आले असून, ‘युरोपातून आलेला निर्वासित संगीतकार’ एवढीच त्यांची ओळख करून दिली आहे. ओळख खरी आहे, पण अपुरी आहे, आणि ती अपुरी राहिल्याने एक समजूत पक्की होते की कोणी प्रतिभावंत वाट वाकडी करून आपल्याकडे आला, त्याला एक धून सुचली आणि तो निघून गेला. प्रत्यक्षात कॉफमन यांनी आयुष्यभर रेडिओ, वाद्यवृंदाचे संचालन आणि संगीताचे अध्यापन या तीन कामांवर पोट भरले आणि त्यांची बरीचशी रचना या कामांच्या गरजेतून होत गेली. ही बाजू मांडावी आणि तिचा आपल्या सोलापूरच्या शाळांशी मला जो संबंध दिसतो तो सांगावा, यासाठी हे पत्र. ते लांबले आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कात्री लावावी लागलीच तर ती कॉफमन यांच्या भागाला लावावी, शाळांच्या भागाला लावू नये, ही विनंती.

कॉफमन यांचा जन्म १९०७ चा, कार्ल्सबाडचा, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्लोव्ही व्हारीचा. बर्लिनमध्ये फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे त्यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले, प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास केला, आणि आपले मार्गदर्शक नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत हे समजल्यावर हाताशी आलेली डॉक्टरेट नाकारली. १९३४ च्या फेब्रुवारीत ते मुंबईत उतरले. त्यांची पत्नी गर्टी ही फ्रान्झ काफ्का यांची भाची होती, हा तपशील त्यांच्यावरच्या लेखांत हटकून येतो. ते महिन्याच्या महिन्याला काय काम करीत होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना ते संगीत परके आणि अनाकलनीय वाटले होते. त्यावर त्यांनी केलेला विचार मला फार मोलाचा वाटतो. हे संगीत बुद्धी आणि हृदय असलेल्या माणसांनी निर्माण केले आहे, लाखो लोकांना ते प्रिय आहे, त्या अर्थी ते आपल्याला कळत नसेल तर उणीव आपलीच असली पाहिजे आणि ती भरून काढायची तर जिथे ते जन्मले तिथे जाऊन शिकले पाहिजे, असा तो विचार होता. न आवडलेल्या संगीताबद्दल आपल्या गावातले जाणकार काय बोलतात ते आठवले, की या नम्रतेची किंमत कळते.

मुंबईत त्यांनी आल्या वर्षीच बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिच्या मैफली होत. व्हायोलिनला मेहली मेहता असत, म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या झुबिन मेहतांचे वडील, आणि पियानोवर कॉफमन स्वतः बसत. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. संकेतधून १९३६ च्या सुमाराची मानली जाते आणि तिच्यातले व्हायोलिन मेहली मेहतांचे असल्याचे सांगितले जाते. ती पुन्हा एकदा नीट ऐकावी. मागे तंबोरा, पुढे व्हायोलिन, शिवरंजनी रागाची छाया. तबला नाही, शब्द नाहीत. सिम्फनी रचण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला इथे चार वाद्यांची भर घालण्याचा मोह किती झाला असेल, याची कल्पना चाल बांधणाऱ्या कोणालाही करता येईल. त्याने तो आवरला, कारण ही धून एका लहानशा यंत्रातून, खरखर सोसत, अजून झोपेत असलेल्या माणसाच्या कानावर पडायची आहे हे त्याला ठाऊक होते. (तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर, मिरजेच्या ज्या तंबोऱ्यांची देशभर ख्याती आहे त्यांना लागणारे भोपळे आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला भीमाकाठी पिकतात, ही गोष्ट सोलापुरातही फार थोड्यांना माहीत असते.)

रेडिओतल्या संगीतप्रमुखाचे काम बाहेरून दिसते तसे निवांत नसते. कार्यक्रमाला वेळ नेमून दिलेली असते आणि ती हलत नाही. पंधरा मिनिटे म्हणजे पंधराच मिनिटे, सोळाव्या मिनिटाला बातम्या लागणार असतात. वादक हाताशी असतील तेच वापरायचे. चेलोवाला आजारी पडला तर त्याचा भाग दुसऱ्या वाद्यासाठी रातोरात लिहून काढायचा, कारण उद्याचा कार्यक्रम आजच्या वर्तमानपत्रात छापून गेलेला असतो. अशा कामात राहिलेल्या संगीतकाराला एक सवय जडते : समोर जो वादक आहे त्याच्या हातात काय आहे ते ओळखायचे आणि त्याला शोभेल तेच लिहायचे. कॉफमन यांनी मुंबईच्या वर्षांत तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी रचना केल्या, रेडिओसाठी ‘अनसूया’ नावाचा ऑपेरा रचला, मोहन भवनानी यांच्या चित्रपटांचे संगीत केले आणि सोफिया कॉलेजात व्याख्याने दिली. त्या काळातल्या त्यांच्या काही रचना टोरांटोच्या एआरसी आँसाँब्ल या वादकसमूहाने २०२० मध्ये ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केल्या, त्यामुळे आता त्या घरबसल्या ऐकता येतात. त्या ऐकताना आपल्या रागांची वळणे मधूनच कानावर येतात, आणि मग लक्षात येते की हा माणूस मुंबईत नुसती नोकरी करीत नव्हता, कान उघडे ठेवून राहत होता.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. १९४६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तिथून कॅनडात हॅलिफॅक्स येथे पियानो शिकवू लागले आणि १९४८ मध्ये नव्याने उभ्या राहणाऱ्या विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे पहिले संगीत संचालक झाले. जवळजवळ दहा वर्षे तो वाद्यवृंद घडवल्यावर ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले आणि १९५७ पासून पुढे वीस वर्षे तिथेच शिकवीत राहिले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा ग्रंथ १९६८ चा, दक्षिणेच्या रागांवरचा १९७६ चा. म्हणजे मुंबईत विद्यार्थी होऊन जे वेचले, ते तीस-चाळीस वर्षांनी दुसऱ्या खंडातल्या विद्यार्थ्यांसमोर ग्रंथरूपाने आले. १९८४ मध्ये ते वारले. रेडिओ, वाद्यवृंद, वर्ग या तीन ठिकाणांपैकी एकही नसते, तर निर्वासित म्हणून आलेल्या या माणसाचे पुढे काय झाले असते, हा प्रश्न मला त्यांच्या प्रतिभेच्या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

त्याच सुमारास दिल्ली केंद्रात जॉन फौल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार याच प्रकारच्या पदावर होते. भारतीय वाद्ये आणि पाश्चात्त्य पद्धत एकत्र आणणारा वाद्यवृंद त्यांनी उभा केला आणि कलकत्त्याला बदली होताच एप्रिल १९३९ मध्ये पटकीने त्यांचा अंत झाला. त्यांचे एक मत मात्र आपल्याला महागात पडले. पेटीच्या ठरीव सुरांत आपल्या संगीतातल्या श्रुती, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म जागा, बसत नाहीत, असा हल्ला त्यांनी चढवला होता. इतरही अनेकांचे मत तसेच होते आणि १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. ती १९७१ पर्यंत टिकली. त्या तीस वर्षांत आपल्या जिल्ह्यातल्या एकाही भजनी मंडळाने पेटी बाजूला ठेवली नाही, आणि मला वाटते त्यांनी योग्यच केले. रेडिओच्या नोकरीत बसलेला माणूस किती घडवू शकतो आणि किती अडवू शकतो, दोन्हीचा दाखला या एका प्रकरणात सापडतो.

आता आपल्याकडच्या संगीतकारांकडे येते, कारण हे परक्यांचेच कौतुक नव्हे. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि दोनच वर्षांत, १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, तिथून ‘गीतरामायण’ सुरू झाले. केंद्राचे सीताकांत लाड यांनी मित्राकडे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांकडे, हट्ट धरला, सुधीर फडके यांनी चाली दिल्या, आणि दर आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे १९५६ च्या एप्रिलपर्यंत छप्पन्न गीते झाली. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून बावन्नाची छप्पन्न झाली. या कामाचे वर्णन करताना आपण ‘दैवी’ हा शब्द इतका वापरतो, की त्यामागचे वेळापत्रक दिसेनासे होते. आठवडा संपला की गीत हवे, त्याला चाल हवी, गाणारा हवा, तालीम हवी, आणि हे सारे छप्पन्न वेळा. माणिक वर्मा, मालती पांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर असे वेगवेगळ्या घडणीचे गळे समोर होते आणि प्रत्येकाला शोभेल अशी चाल बांधायची होती. वेळेचे बंधन नसते तर यातली किती गीते झाली असती, याची मला शंका आहे. राम फाटक स्वतः पुणे केंद्रात नोकरीला होते आणि महिन्याला नवे गाणे देणारा त्यांचा उपक्रम मराठी भावगीताला किती देऊन गेला हे जुन्या श्रोत्यांना सांगायला नको. यशवंत देव मुंबई केंद्रात शिरले ते सतारवादक म्हणून. चाली बांधणे, नव्या गायकांना शब्दांचा अर्थ सांभाळून गायला शिकवणे आणि पुढे गावोगावी कार्यशाळा घेणे हे त्यांच्या बाबतीत एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाही. श्रीनिवास खळे यांनीही काही काळ आकाशवाणीत काढला. यांच्यापैकी कोणालाही नोकरीने कमी केले असे दिसत नाही.

वाद्यवृंदाचे संचालन हा विषय आपल्याकडे दुर्लक्षित आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. पंडित रविशंकर १९४९ ते १९५६ या काळात आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रात होते आणि १९५२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वाद्यवृंदाची घडण त्यांच्या हातची. त्यांच्यानंतर बासरीवादक पन्नालाल घोष आले आणि १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते काम केले. १९६३ मध्ये चित्रपटसृष्टी सोडून आलेले अनिल विश्वास यांनी ते पुढे सांभाळले. यांच्यापुढची अडचण कॉफमन यांच्यापुढे नव्हती. पाश्चात्त्य वादकाला कागद दिला की तो वाचून वाजवतो. आपला सारंगीवाला, सतारिया, जलतरंगवाला गुरूकडून ऐकून शिकलेला. त्याला एकट्याने बढत करण्याची सवय, दुसऱ्यासाठी थांबण्याची नाही. अशा वीस-पंचवीस जणांना एका रचनेत बसवायचे तर कोणाला स्वरलिपी लिहून द्यावी लागते, कोणाला तोंडाने बोल म्हणून दाखवावे लागतात, कोणाच्या शेजारी बसून तोच तुकडा वाजवून घ्यावा लागतो. प्रत्येकाची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, वेगळ्या गतीने उतरते, म्हणून एकत्र वाजवायच्या जागा सरळ स्वरांच्या ठेवायच्या आणि मींडेच्या जागा एकट्या वाद्याला द्यायच्या, असली व्यवहारी शहाणपणे या माणसांनी तालमीत शोधून काढली. संचालक आणि शिक्षक यांच्यातली रेघ इथे पुसली जाते.

वसंत देसाई यांचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. चित्रपटांत नाव झाल्यावरही त्यांनी शाळकरी मुलांच्या समूहगानाचे काम अंगावर घेतले आणि मैदानावर उभे राहून हजारो मुलांकडून एका सुरात गाणी गाऊन घेतली. ज्याने एखादी चाल वर्गभर मुलांकडून गाऊन घेतली आहे, त्याला तिच्यातला कच्चा दुवा पहिल्याच तालमीत सापडतो. ओळीत श्वासाला जागा ठेवलेली नसेल तर मुले शब्दाच्या मध्येच श्वास घेतात आणि ‘भारतमाता’ची ‘भार’, ‘तमाता’ होते. पंचमावरून तार षड्जावर एकदम उडी असेल तर पहिली ओळ गोड येते आणि दुसऱ्या वेळी सगळा वर्ग खाली घसरतो. समेवर जोडाक्षर पडले तर अर्धी मुले ते आधी म्हणतात, अर्धी नंतर. मुले चुकत नसतात, चाल चुकलेली असते. आणि हे कळायला दुसरी कोणतीही प्रयोगशाळा नाही.

आता सोलापूर. मी या शहरात आयुष्यभर शाळेत संगीत शिकवले आणि निवृत्तीनंतरही बोलावले तर जाते. अलीकडे एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणी म्हणून गेले होते. स्वागतगीताला पाचवी-सहावीच्या मुली उभ्या होत्या, रांगा सुरेख, परकर-पोलकी इस्त्रीची. पेटी नव्हती, तबला नव्हता. एका सरांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि ध्वनिक्षेपकाला लावला. ट्रॅक ज्या पट्टीत मुद्रित झाला होता त्याच पट्टीत तो वाजणार. मुलींच्या गळ्याला ती झेपते की नाही हे विचारायला तिथे कोणी नव्हते. मुखडा कसाबसा निभावला. अंतरा वर चढला तशा मागच्या रांगेतल्या मुली गप्प झाल्या आणि पुढच्या ओरडू लागल्या, आणि ट्रॅक मात्र कोणासाठीही न थांबता आपल्या गतीने पुढे गेला. पेटीवर कोणी बसलेले असते तर पट्टी दोन सूर खाली आली असती, एवढाच प्रश्न होता. टाळ्या झाल्या. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही आणि त्या सरांना तर मुळीच नाही. त्यांचा विषय गणित होता आणि हे काम त्यांच्या गळ्यात पडले होते.

हे असे का झाले याचे कारण गूढ नाही. संगीत शिक्षक निवृत्त झाला की ती जागा भरली जात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी असे म्हटले आहे, की पटसंख्या शंभराच्या वर असेल तिथे कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे. पण कला म्हटले की चित्रकला, असा रिवाज पडून गेला असल्याने त्या दारातून पेटी आत येत नाही. चित्रकलेच्या शिक्षकांशी माझे भांडण नाही. त्यांच्याही जागा रिकाम्याच आहेत. अंशकालीन म्हणजे तासांवर मानधन, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही, आणि विशारद झालेला मुलगा त्या मानधनात संसार करू शकत नाही. मग तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो किंवा पुण्याला जातो. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना आपल्या शहरातून मुले बसतात, उत्तीर्ण होतात, प्रमाणपत्रे भिंतीवर लावतात. पुढे शिकवायला जागाच नसेल तर त्या प्रमाणपत्रांचे काय करायचे, याचे उत्तर कोणी देत नाही.

आणि या शहराला संगीताची उणीव आहे असे कोण म्हणेल? गणपतीच्या मिरवणुकीत किंवा शिवजयंतीला सोलापुरात लेझीम खेळताना पाहावे. शे-दीडशे खेळाडूंचा डाव एका हलगीवाल्याच्या हातावर बदलतो. तो थाप मोडतो, एक तिरपी काठी टाकतो, आणि सगळी रांग एका दमात वळते. कॉफमन यांना विनिपेगच्या मंचावर छडी घेऊन जे करावे लागत होते ते हा माणूस गळ्यात वाद्य अडकवून, चालत, भर उन्हात करतो. त्याला संचालक म्हणायला आपली जीभ रेटत नाही, एवढेच. गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, तेलुगू भाषक वस्त्यांतली भजने, कन्नड वचने, मोहल्ल्यांतली कव्वाली हे सगळे एका तासाच्या पायपिटीत ऐकू येणारे गाव महाराष्ट्रात दुसरे शोधून काढावे लागेल. शाहीर राम जोशी याच गावचे. अमर शेख बार्शीचे. कवी संजीव इथलेच. शब्द देणारी माणसे या मातीने कमी दिलेली नाहीत.

माझे म्हणणे असे आहे. महापालिका, जिल्हा परिषद आणि खासगी संस्था यांनी येत्या शैक्षणिक वर्षासाठी कला निदेशकांच्या ज्या जागा भरायच्या त्यांत संगीताचा वाटा ठरवून ठेवावा. एका शाळेला पूर्ण वेळ शिक्षक परवडत नसेल तर जवळजवळच्या तीन-चार शाळांनी मिळून एक नेमावा आणि त्याला पूर्ण पगार द्यावा. शिक्षक सायकलवर एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाईल, पण त्याच्या घरात चूल पेटलेली राहील. त्याने वर्षातून काही नव्या चाली मुलांसाठी बांधाव्यात, अशी अट त्याच्या नेमणुकीत असावी. ही अट जाचक वाटेल, पण चाल बांधणाऱ्याला अट मानवते, हे वर सांगितलेल्या प्रत्येकाच्या आयुष्यात दिसते.

दुसरे टोक रेडिओचे. आकाशवाणीचे सोलापूर केंद्र एफएम १०३.४ वर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत ऐकले जाते. शालेय समूहगानाला या केंद्राने आठवड्यातून एक ठरलेली वेळ द्यावी, अशी माझी विनंती आहे. वेळ थोडी असली तरी चालेल, पण ती हलू नये. अमुक वारी अमुक वाजता आपल्या शाळेचे गाणे लागणार आहे हे कळले, की मुलांचे पालक, आजी-आजोबा आणि शेजारी रेडिओ लावतातच. आणि त्या दिवसाआधी चाल पुरी करायची आहे हे कळले की शिक्षकही जागा राहतो. गाण्यांसाठी शब्द शोधायला लांब जायला नको. सिद्धरामेश्वरांची वचने बाराव्या शतकातली आहेत आणि सिद्धरामेश्वर याच गावचे. त्यांना मुलांच्या गळ्याला झेपतील अशा चाली कन्नड शाळांतले शिक्षक बांधू शकतील. अरणचे सावता माळी आणि मंगळवेढ्याचे चोखोबा यांचे अभंग आपल्या जिल्ह्याचे आहेत. राम जोशींच्या रचनांतून मुलांना देण्याजोगे निवडताना जपून निवडावे लागेल, हे मी शिक्षिका म्हणून नमूद करते. तेलुगू माध्यमाच्या शाळा स्वतःची गाणी घेऊन येतील. एकाच कार्यक्रमात चार भाषांतली मुले एकमेकांची गाणी ऐकतील, आणि चाल बांधणाऱ्याला चारही भाषांचे उच्चार सांभाळायला शिकावे लागेल.

यावर दोन आक्षेप येतील हे मला माहीत आहे. पहिला पैशाचा. संमेलनाच्या एका संध्याकाळसाठी मंडप, रोषणाई आणि ध्वनियंत्रणा यांवर शाळा जो खर्च करते, त्यातला काही भाग वर्षभराच्या शिक्षकाकडे वळवता येतो का, हे व्यवस्थापनांनी आपल्या वह्या उघडून पाहावे. दुसरा आक्षेप असा की हल्ली मुले मोबाइलवर गाणी शिकतात, शिक्षक हवा कशाला. मुले मोबाइलवर गाणी ऐकतात, हे खरे. पण गळा बसलेल्या मुलीला ‘आज गाऊ नकोस, नुसता ताल धर’ असे मोबाइल सांगत नाही, आणि आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलाला खालच्या सप्तकात नेऊन त्याची लाज सांभाळणेही त्याला जमत नाही. ते काम माणसाचे आहे आणि त्याला पगार लागतो.

आपल्या दैनिकाने एक करावे. शिक्षण विभागांकडून आणि संस्थांकडून माहिती मागवून, शहरातल्या किती माध्यमिक शाळांत आज नेमलेला संगीत शिक्षक आहे, याची यादी शाळेच्या नावासह छापावी. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी ती आली तर प्रवेश घेणाऱ्या पालकांनाही ती उपयोगी पडेल.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका,
सोलापूर